लाईट आली, मशीन चालू झालं, पण शेअर नाही: बूट होताना फसणारं एनएफएस माउंट कोणत्या क्रमाने तपासावं

इंदूरच्या छोट्या ऑफिसांत, मग ते सीएचं असो, छापखाना असो की आर्किटेक्टचं, मांडणी बहुतेक एकच असते: एक नॅस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा डिस्कचा डबा) किंवा जुन्या पीसीवर उभा केलेला लिनक्स सर्व्हर, एक राउटर, एक स्विच आणि चार-सहा पीसी. पावसाळ्यात लाईट जाते आणि आली की हे सगळं एकाच क्षणी चालू होतं. एसएसडीवाला पीसी अर्ध्या मिनिटात लॉगिनला येतो. नॅसला डिस्क सुरू करून, फाइलसिस्टिम तपासून, एनएफएस सेवा (लिनक्समध्ये नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची पद्धत) उभी करायला काही मिनिटं लागतात. तोवर पीसीने शेअर, म्हणजे सर्व्हरवरचं वाटलेलं फोल्डर, मागून झालेला असतो, मिळालेला नसतो. ‘काम’ नावाचं फोल्डर रिकामं दिसतं, कोणीतरी पीसी पुन्हा चालू करतं, शेअर येतो, आणि कारण होतं तिथेच राहतं.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे बूटच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ६०’ लिहून खाली ‘माउंट -ए’ टाकणं. तो करू नका. साठ सेकंद आज पुरतील, पण सर्व्हरला डिस्क तपासावी लागेल त्या दिवशी पुरणार नाहीत. शिवाय त्या शेअरवर अवलंबून असलेल्या सेवांना ही स्क्रिप्ट माहीतच नसते, त्या आधीच सुरू होऊन बसतात.

बिघाड दोनच जातींचा असतो. एकतर माउंट (शेअर पीसीवरच्या फोल्डरला जोडणं) कधीच होत नाही, किंवा होतं पण बूटच्या वेळी होत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी जात ठरवायची आणि मगच फाइलींना हात लावायचा.

खाली आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा; फक्त NetworkManager, RequiredForOnline आणि RequiresMountsFor यांतली मोठी अक्षरं अशीच ठेवा. उदाहरणासाठी सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०, तिथलं फोल्डर /डेटा/काम आणि पीसीवरची जागा /एमएनटी/काम धरली आहे.

## १. मशीन बूटमध्येच अडकलं असेल तर आधी ते बाहेर काढा

पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि पुढे घड्याळ दिसत असेल, तर थांबा. सिस्टिमडी (बूटच्या वेळी सेवा आणि माउंट सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) माउंटला साधारण ९० सेकंद देतं आणि मग पुढे जातं. प्रकार ‘एनएफएस’ लिहिलेला असला की सिस्टिमडी त्या ओळीला नेटवर्कची मानतं, त्यामुळे ती फसली तरी मशीन उशिरा का होईना, लॉगिनला येतं.

थेट इमर्जन्सी मोड आला असेल, तर दोषी ओळ बहुधा दुसरीच असते. शेअरमधल्या एखाद्या फोल्डरचं बाइंड माउंट (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवणं) किंवा नेटवर्कवरची आयस्कझी डिस्क एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं याची यादी असलेली फाइल) असते आणि तिला _नेटडेव्ह, म्हणजे ‘हे नेटवर्कवरचं आहे’ सांगणारा पर्याय, लावलेलं नसतं. सिस्टिमडी तिला स्थानिक डिस्क समजतं, आणि स्थानिक डिस्क फसली की बूट थांबवतं.

बाहेर पडायचं असं:

१. रूटचा पासवर्ड देऊन आत या.
२. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ चालवा, नाहीतर फाइल सेव्ह होणार नाही.
३. /ईटीसी/एफएसटॅब उघडा, संशयित ओळीच्या आधी # लावा, रीबूट करा.

रूटचं खातं कुलूपबंद असेल, तर पहिलीच पायरी अडू शकते. तेव्हा ग्रबच्या (बूटच्या सुरुवातीला येणाऱ्या मेनूच्या) यादीत ‘ई’ दाबा आणि ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टिमडी.मास्क=एमएनटी-काम.माउंट’ जोडून बूट करा. नाव अर्थात दोषी माउंटचं घालायचं. एवढ्या एका बूटपुरतं ते माउंट बाजूला राहतं.

इशारा: एफएसटॅबची प्रत काढल्याशिवाय त्यात काही बदलू नका. ओळ पुसू नका, # लावा. जुनी ओळ पुढे तुलनेला लागते.

## २. हाताने लावून बघा आणि चूक शब्दशः लिहून घ्या

मशीन पूर्ण चालू, नेटवर्क चालू, सर्व्हर चालू. आता ‘सुडो माउंट -व्ही /एमएनटी/काम’ चालवा. ‘-व्ही’मुळे माउंट कोणती आवृत्ती, कोणता पत्ता आणि कोणतं पोर्ट वापरतंय ते दिसतं. फक्त फोल्डरचं नाव दिल्याने बाकी सगळं एफएसटॅबमधून घेतलं जातं. हे महत्त्वाचं आहे, कारण पूर्ण आज्ञा हाताने लिहिली तर एफएसटॅबमधली चूक लपून जाते.

लगेच लागलं, तर बिघाड वेळेचा आहे. तिसऱ्या टप्प्यावर जा.

नाही लागलं, तर संदेश वाचा. प्रत्येक संदेश वेगळ्या जागी बोट दाखवतो:

‘बॅड ऑप्शन… हेल्पर प्रोग्रॅम’: क्लायंटवर एनएफएसचं पॅकेजच नाही. डेबियन आणि उबुंटूवर एनएफएस-कॉमन, फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात एनएफएस-युटिल्स. मशीन नव्याने फॉरमॅट केल्यावर हे हमखास राहून जातं.

‘फेल्ड टू रिझॉल्व्ह सर्व्हर’: नावाचा पत्ता मिळत नाही. पत्ता आकड्यांत देऊन पुन्हा बघा.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: मशीन सापडलं, पण त्यावर एनएफएस सेवा ऐकत नाही. बहुतेकदा ती अजून सुरू व्हायची असते.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’: सर्व्हर बंद आहे किंवा फायरवॉल पॅकेट गिळतेय. ‘नो रूट टू होस्ट’ला पिंग चालत असेल, तर संशय फायरवॉलवर घ्या, पिंगही चालत नसेल, तर केबल, स्विच, पत्ता.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’: नेटवर्क ठीक, परवानगी नाही. सहावा टप्पा.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’: सर्व्हरवरचा मार्ग चुकला. सर्व्हरच्या एक्सपोर्टमध्ये (वाटायच्या फोल्डरांच्या यादीत) ‘एफएसआयडी=०’ असेल, तर आवृत्ती ४ साठी तेच फोल्डर मुळाशी धरलं जातं आणि मार्ग तिथून मोजावा लागतो. म्हणजे ते /डेटावर असेल, तर /डेटा/कामच्या जागी नुसतं /काम.

‘स्टेल फाइल हँडल’: सर्व्हरवरची डिस्क किंवा फोल्डर बदललं, क्लायंट जुनं धरून आहे. ‘युमाउंट -एल’ करून पुन्हा लावा.

तपासणी: क्लायंटवरून ‘एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.२० २०४९’ चालवा. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला टीसीपीचं २०४९ हे एकच पोर्ट पुरतं. तिसऱ्या आवृत्तीला १११ वरचं आरपीसीबाइंड लागतंच, शिवाय माउंटडी, स्टॅटडी आणि लॉकडी यांची पोर्टं, जी ठरवून दिली नाहीत तर प्रत्येक वेळी बदलतात. ‘काल फायरवॉलमधून जात होतं, आज नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. जुन्या नॅसची सक्ती नसेल, तर चौथीच वापरा.

सामान्य चूक: ‘शोमाउंट -ई’ काही दाखवत नाही म्हणून सर्व्हर बंद ठरवणं. शोमाउंट माउंटडीला विचारतं. फक्त चौथी आवृत्ती देणाऱ्या सर्व्हरवर ते गप्प राहू शकतं आणि माउंट मात्र व्यवस्थित होतं.

## ३. लॉगमधून वेळ काढा

हाताने लागतं, बूटला लागत नाही. आता अंदाज नको, सेकंद हवेत. बूट झाल्यावर लगेच:

१. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ने फसलेल्या युनिटची (सिस्टिमडी सांभाळतं ती प्रत्येक सेवा किंवा माउंट म्हणजे एक युनिट) यादी घ्या.
२. माउंटच्या युनिटचं नाव मार्गावरून बनतं: /एमएनटी/कामचं एमएनटी-काम.माउंट. फोल्डरच्या नावातच आडवी रेघ असेल, तर नाव वेगळं होतं. ते ‘सिस्टिमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट’पुढे मार्ग देऊन काढा, मनाने लिहू नका.
३. ‘जर्नलसीटीएल -बी -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’ चालवा. इथे प्रत्येक ओळीपुढे बूटपासूनचे सेकंद असतात.

या लॉगमध्ये तीन जागा शोधा: नेटवर्क कार्डाची लिंक वर आली तो सेकंद, आयपी पत्ता मिळाला तो सेकंद, आणि माउंटने पहिला प्रयत्न केला तो सेकंद. समजा लिंक ६ ला आली, माउंट ९ ला फसलं आणि पत्ता १४ ला मिळाला. दोष पीसीच्या क्रमात आहे, चौथा टप्पा. उलट पत्ता ८ ला मिळाला, माउंट ९ ला सुरू झालं आणि ९९ ला वेळ संपून थांबलं, तर पीसी निर्दोष आहे आणि सर्व्हर तयार नव्हता. मग पाचवा आणि सहावा टप्पा.

नाव न सापडणं किंवा नेटवर्कच नसणं, या दोन्हींत माउंट सहसा तत्काळ हार मानतं. उत्तर न देणाऱ्या सर्व्हरची मात्र ते वाट बघतं. त्यामुळे ‘किती वेळात फसलं’ हेच अर्धं निदान असतं.

इशारा: मागच्या बूटचा लॉग ‘-बी -१’ने मिळतो, पण तो डिस्कवर साठवला जात असेल तरच. /व्हीएआर/लॉग/जर्नल हे फोल्डर नसेल, तर ते बनवून जर्नलडी पुन्हा सुरू करा. पुढची लाईट जायच्या आधी.

## ४. नेटवर्क ‘आलं’ हे मशीनला कोण सांगतं

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. नेटवर्क.टार्गेट म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला, एवढंच. पत्ता मिळाला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. माउंट थांबतं ते नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेटसाठी. आणि ते टार्गेट खरं बोलेल की नाही, हे त्यामागची थांबणारी सेवा चालू आहे का, यावर अवलंबून.

उबुंटू डेस्कटॉपवर आणि फेडोरावर सहसा नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन लागते, उबुंटू सर्व्हरवर सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन. ‘सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड’ने बघा. बूट लवकर व्हावं म्हणून ही सेवा बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो ऐकून ज्यांनी ती बंद केली, त्यांचं माउंट बूटला फसू शकतं. दोन्ही सेवा एकदम चालू असणंही वाईट. जी नेटवर्क सांभाळतच नाही ती उगाच वाट बघत बसते.

आता खास कारणं.

वायफायचा पासवर्ड वापरकर्त्याच्या किल्लीत. लॅपटॉपवर वायफाय लॉगिननंतरच जोडलं जात असेल, तर बूटच्या वेळी नेटवर्क असणं शक्यच नाही. जोडणीच्या सेटिंगमध्ये ती सगळ्या वापरकर्त्यांना उपलब्ध करा आणि पासवर्ड सगळ्यांसाठी साठवा.

आयपीव्ही६ आधी पोचतं. फायबरच्या राउटरमधून आयपीव्ही६चा पत्ता पटकन मिळतो, नेटवर्कमॅनेजर ‘जोडलं’ म्हणतं, आणि तुमचा सर्व्हर तर आयपीव्ही४वर आहे. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, पुढे जोडणीचं नाव, पुढे ‘आयपीव्ही४.मे-फेल नो’. आता आयपीव्ही४ मिळेपर्यंत ते थांबेल.

दुसरं, रिकामं लॅन पोर्ट. नेटवर्कडी आपल्याकडच्या सर्व पोर्टांची वाट बघतं, १२० सेकंदांपर्यंत. ज्याला केबलच नाही त्याला नेटप्लॅनमध्ये ‘ऑप्शनल: ट्रू’ द्या, किंवा .नेटवर्क फाइलमध्ये ‘रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो’.

स्विचचा विलंब. जेल रोडच्या बाजारातून आणलेल्या साध्या स्विचला हा त्रास नसतो. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (लूप टाळण्याची सोय) चालू असेल, तर लिंकचा दिवा लागतो, पण पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ शिकण्यात घालवतं. तीस सेकंद एक पॅकेट पलीकडे जात नाही. पीसीला डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) असेल तर तो आपोआप थांबतो. पत्ता कायमचा लिहून ठेवला असेल तर लगेच ‘ऑनलाइन’ म्हणतो आणि माउंट तोंडघशी पडतं. स्विचमध्ये त्या पीसीच्या पोर्टावर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा. दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टावर मात्र नाही, तिथे लूप झाला तर सगळं ऑफिस बसेल.

नाव सोडवणारा अजून उठलेला नाही. .लोकल नावं अवाही सेवेवर चालतात, आणि बाकी नावं राउटरवर, जो स्वतः आत्ताच चालू झालाय. सर्व्हरचं नाव /ईटीसी/होस्ट्समध्ये लिहा किंवा एफएसटॅबमध्ये आकडी पत्ता द्या. त्यासाठी राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखीव हवा, नाहीतर लाईट आल्यावर १९२.१६८.१.२० प्रिंटरला मिळालेला असेल.

## ५. एफएसटॅबची ओळ

बहुतेक ऑफिसांसाठी ही ओळ योग्य आहे (एकाच ओळीत लिहायची):

१९२.१६८.१.२०:/डेटा/काम /एमएनटी/काम एनएफएस _नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.माउंट-टाइमआउट=३० ० ०

स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही.

यातला सगळ्यांत कामाचा शब्द ऑटोमाउंट. त्यामुळे बूटच्या वेळी शेअर मागितलाच जात नाही. कोणी /एमएनटी/काम उघडलं की त्या क्षणी लागतो. सर्व्हर पाच मिनिटांनी उठला तरी बिघडत नाही, पुढच्या वेळी फोल्डर उघडताना प्रयत्न पुन्हा होतो. एकच खबरदारी: सर्व्हर बंद असताना एखादा प्रोग्रॅम त्या फोल्डरला सारखा हात लावत राहिला, तर सिस्टिमडी ‘स्टार्ट-लिमिट-हिट’ म्हणून प्रयत्नच थांबवतं. मग ‘सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड’ करून एमएनटी-काम.ऑटोमाउंट पुन्हा सुरू करावं लागतं.

नोफेलमुळे शेअर नसला तरी बूट पुढे जातं. पण वापरकर्त्यांची होम फोल्डरंच एनएफएसवर असतील, तर नोफेल लावू नका. लॉगिन रिकाम्या होमवर होईल आणि डेस्कटॉप तिथे नवी सेटिंग लिहू लागेल. तिथे मशीनने थांबलेलंच बरं.

‘सॉफ्ट’ लावण्याचा मोह टाळा. मूळचं ‘हार्ड’ सर्व्हर परत येईपर्यंत थांबतं; ‘सॉफ्ट’ मधेच चूक परत देतं, आणि ती न तपासणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल लिहून मोकळा होतो. हिशेबाच्या फाइलींवर हा खेळ नको. आणि टाइमिओचा (उत्तराची वाट बघण्याच्या मुदतीचा) आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो: ६०० म्हणजे ६० सेकंद. ‘टाइमिओ=३०’ लिहिणाऱ्याला वाटतं तीस सेकंद, मिळतात तीन.

तपासणी: ओळ बदलल्यावर आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’, मग ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’. दुसरी पायरी विसरली तर सिस्टिमडी जुन्याच ओळीवर चालतं. ऑटोमाउंट नव्याने घातलं असेल, तर आधी जुनं माउंट काढा आणि एमएनटी-काम.ऑटोमाउंट सुरू करा.

शेअरवर अवलंबून असलेली सेवा असेल (डॉकर, डेटाबेस, बॅकअप), तर तिच्या युनिटमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/काम’ लिहा. एफएसटॅबमध्ये कितीही सुधारणा केली तरी ही ओळ नसेल, तर कंटेनर रिकामं फोल्डर घेऊन सुरू होऊ शकेल.

## ६. सर्व्हरची बाजू

/ईटीसी/एक्सपोर्ट्समध्ये पत्ता आणि कंस यांच्यात जागा नको. ‘१९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू)’ म्हणजे तुमच्या नेटवर्कला लिहिण्याची परवानगी. मधे एक जागा पडली की अर्थ होतो: तुमच्या नेटवर्कला मूळची, म्हणजे फक्त वाचायची परवानगी, आणि बाकी सगळ्या जगाला लिहायची. बदल केल्यावर ‘एक्सपोर्टएफएस -आरए’, आणि खरंच काय लागू झालं ते ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ने वाचा.

डेटा बाहेरच्या किंवा वेगळ्या डिस्कवर असेल, तर एक्सपोर्टच्या पर्यायांत ‘माउंटपॉइंट’ घाला. ती डिस्क लागलेली नसताना सर्व्हर रिकामं फोल्डर वाटत बसत नाही. डिस्कच्या मुळाऐवजी तिच्यातलं फोल्डर वाटत असाल, तर ‘माउंटपॉइंट=/डेटा’ असा मार्ग द्या.

सर्व्हरच्या बायोसमध्ये लाईट परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग बघा, आणि राउटर, स्विच, सर्व्हर तिन्ही यूपीएसवर घ्या. पीसीला यूपीएस आणि स्विचला थेट भिंतीवरचा बोर्ड, अशी मांडणी उपयोगाची नाही.

सामान्य चूक: सर्व्हर चालू होताच शेअर लागतो, फाइल उघडताना मात्र पडदा गोठतो, म्हणून सर्व्हर पुन्हा रीबूट करणं. चालू झाल्यावर एनएफएस सर्व्हर जुन्या क्लायंटांना फाइलींवरची आपली कुलपं (लॉक) परत मागायला वेळ देतो, मूळ सेटिंगमध्ये ९० सेकंद. तेवढ्या वेळात नवं उघडणं थांबून राहतं. रीबूट केलं की ते ९० सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. दोन मिनिटं हात आवरा.

## ७. रिकाम्या फोल्डरात लिहिलं गेलेलं

माउंट फसलं तरी /एमएनटी/काम हे साधं फोल्डर पीसीच्या डिस्कवर असतंच. साध्या माउंटमध्ये रात्रीचा बॅकअप त्यातच लिहिला जातो. सकाळी शेअर लागतो, त्या फाइली त्याखाली झाकल्या जातात आणि डिस्क कशाने भरली हे कळत नाही. झाकलेलं बघायचं तर ‘माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ’ करून /एमएनटी/मूळ/एमएनटी/काम उघडा (/एमएनटी/मूळ हे फोल्डर आधी बनवा). तिथल्या फाइली तपासून, हव्या त्या हलवून, मगच पुसा.

पुन्हा होऊ नये म्हणून ऑटोमाउंट थांबवा, शेअर काढा आणि रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/काम’ चालवा. आता त्यात रूटलाही लिहिता येत नाही, पण त्यावर माउंट नेहमीसारखं होतं. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीला फोल्डरची यादी मागा, म्हणजे ऑटोमाउंट जागं होईल. मग ‘फाइंडएमएनटी -टी एनएफएस,एनएफएस४ /एमएनटी/काम’ने शेअर खरंच लागला का ते बघा, आणि नसेल तर तिथेच थांबा. नुसती ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा इथे फसवते, कारण ऑटोमाउंटची रिकामी जागाही तिला माउंटच वाटते.

## ८. परीक्षा

पीसी एकटा रीबूट करून ‘झालं’ म्हणू नका, तेव्हा सर्व्हर आधीच उठलेला असतो. कामाची वेळ संपल्यावर हे तीन प्रयोग करा:

१. सर्व्हर बंद ठेवून पीसी बूट करा. लॉगिन वेळेत यायला हवं. मग सर्व्हर चालू करा, तो उठला की फोल्डर उघडा, शेअर लागायला हवा.
२. पीसीची केबल काढून बूट करा, एक मिनिटाने केबल लावा, फोल्डर उघडा.
३. सर्व मशीनं नीट शटडाउन करा, बोर्डावरून सगळं बंद करा आणि एकदम चालू करा. दहा मिनिटांनी प्रत्येक पीसीवर फोल्डर उघडा आणि ‘फाइंडएमएनटी -टी एनएफएस,एनएफएस४’ने शेअर लागलाय का बघा.

पहिल्यात लॉगिन अडलं तर पाचवा टप्पा, दुसऱ्यात अडलं तर चौथा. तिसऱ्यात एखादाच पीसी मागे राहिला, तर त्याची केबल आणि स्विचचं पोर्ट शेजारच्या पीसीशी अदलाबदल करून तिसरा प्रयोग पुन्हा करा. बिघाड पोर्टाबरोबर सरकला तर स्विच, पीसीबरोबर राहिला तर त्याच पीसीचा तिसऱ्या टप्प्यातला लॉग काढा.